आबांना घर ऐकू आलं

सोमवारी संध्याकाळी सूनबाई कामावरून घरी आली, तेव्हा आबा बाहेरच्या खोलीत फ्रिजकडे तोंड करून बसले होते. टीव्ही बंद होता. एरवी या वेळी त्यांच्या टीव्हीचा आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीपासून सोबत करायचा आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला सगळ्या बातम्या कळलेल्या असायच्या.

"आबा, बरं वाटत नाही का?" सवयीने तिने बेंबीच्या देठापासून विचारलं.

आबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "अगं, किती ओरडतेस! मी काय पलीकडच्या डोंगरावर आहे का?"

तेव्हा कुठे तिला आठवलं. आज आबांना कानाची यंत्रं मिळायची होती. तिच्या नवऱ्याने सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, दुपारी परत आणून सोडलं होतं आणि कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून तो तसाच पुढे पळाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या जोडीचा माणूस या आठवड्यात रजेवर होता, त्यामुळे अख्ख्या शहरातल्या लिफ्ट यानेच अडकवून ठेवल्यासारखे त्याला फोन येत होते.

"हा गुरगुरतो," आबा फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाले.

"हो. थोडा गुरगुरतोच."

"कधीपासून?"

"आणला तेव्हापासून."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा होता, जणू घरात कोणीतरी पाहुणा इतकी वर्षं राहतोय आणि आपली त्याच्याशी ओळखच करून दिली नाही.

आबांनी आयुष्यभर बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम केलं होतं. पट्ट्यावरून हजारो काचेच्या बाटल्या एकमेकींना टकरा देत पुढे सरकायच्या, आणि त्या खणखणाटात उभं राहून आबा भरलेल्या बाटल्यांवर नजर ठेवायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याची टिकटिक त्यांना पहिल्या दिवसापासूनच ऐकू आली नाही. पुढे दाराची घंटा गेली, मग फोन गेला, मग माणसं. घरातल्यांना ओरडून बोलायची इतकी सवय झाली होती, की वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की 'काय, आज बटाटे का?' असं विचारायच्या.

यंत्रं मात्र आबा कित्येक दिवस नको म्हणत होते. "या वयात मला कानातलं घालायला लावता?" म्हणायचे. शेवटी नात त्यांना म्हणाली, "आबा, मी तुम्हाला गुपित सांगितलं की ते सगळ्या बिल्डिंगला कळतं." मग आबा दवाखान्यात यायला तयार झाले.

नात दहा वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे, अगदी शाळेतल्या बाईसुद्धा. ती त्या संध्याकाळी मोठी परात, मूठभर सुके वाटाणे आणि फुरंगटलेलं तोंड घेऊन घरी आली. शनिवारी शाळेत नाटक होतं. सगळ्यांना भूमिका वाटून झाल्या आणि भिंगरीला बाईंनी पडद्यामागे बसवलं. तिथून तिने आवाज काढायचे होते.

"मी कोणाला दिसणारच नाही," ती म्हणाली.

"काय काय काढायचंय?" आईने विचारलं.

"पाऊस. वारा. घोडा. आणि एकदा आग."

"बघ, बाकीच्यांना एकेकच काम मिळालंय. तुला चार मिळाली."

भिंगरीला हे पटलं नाही, पण तिने परात तिरकी करून वाटाणे घरंगळत सोडले. सर्रर्र असा आवाज झाला. आबा झटकन वळले.

"थांब, थांब! हे काय होतं?"

"तुम्ही ओळखा ना."

आबांनी डोळे मिटले. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना सांगितलंच होतं, की आठवडाभर शक्यतो घरीच यंत्रं वापरा, आवाज ऐका आणि कशाचा आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. कान जागे झाले तरी डोक्याला पुन्हा शिकवावं लागतं. भिंगरीने परत वाटाणे सोडले.

"कोणीतरी काहीतरी तळतंय," आबा म्हणाले.

भिंगरीने कपाळावर हात मारला. पण तिला परीक्षा घ्यायला माणूस मिळाला होता, आणि तिचं तोंड आपोआप सरळ झालं.

मंगळवारचा दिवस आबांनी घर ऐकण्यात घालवला. दिव्याचं बटण खट् वाजतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं की सळसळ होते. स्वतःच्याच बिस्किट खाण्याचा आवाज एवढा मोठा, की त्यांनी उरलेलं बिस्किट चहात बुडवून गप्प केलं. संडासातलं पाणी सोडलं आणि दचकून ते बाहेर आले. स्वयंपाकघराचा नळ ठिबकत होता. त्यांनी वॉशर शोधून काढला आणि तो बदलला. बेडरूमचं दार रडत होतं; त्याला त्यांनी तेल पाजलं. संध्याकाळी मुलगा फोनवर दोन मिनिटं मोकळा सापडला तेव्हा आबांनी त्याला हे सगळं ओळीने सांगितलं. लिफ्टच्या खोलीत, तारांच्या जंजाळात वाकलेल्या त्या माणसाने "हो का, आबा" एवढंच म्हटलं, पण फोन मात्र ठेवला नाही. आबांना फोनवर बोलून किती काळ लोटला होता ते त्याला माहीत होतं.

सूनबाईचं काम दातांचं. म्हणजे ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. मेणाच्या गुलाबी हिरड्यांवर एकेक दात बसवायचा, तिरका तर नाही ना बघायचं, दातांचा रंग माणसाच्या वयाला शोभेल असा निवडायचा. तिथे दिवसभर तोंडावर मास्क आणि समोर बोलता न येणाऱ्या बत्तीश्या. या आठवड्यात कुठल्याशा वृद्धाश्रमाचं मोठं काम आलं होतं, त्यामुळे मान वर करायला फुरसत नव्हती. घरी आली की तासभर तिचा स्वतःचा असायचा. नवरा कामावर, मुलगी खेळायला नाहीतर तालमीला, आणि आबा गॅलरीत. त्या तासाभरात ती स्वयंपाक करता करता गायची. बऱ्यापैकी मोठ्याने, आणि मनाला येईल ते. गाणी तिची तीच जुळवायची. आबांना ऐकू येत नाही, आणि बाकी कोणी घरात नाही, मग लाजायचं कोणाला?

मंगळवारी यंत्रांचं पार विसरून तिने नेहमीसारखे बटाटे पुढ्यात ओढले, सुरी घेतली आणि सुरू झाली:

"बटाट्या, बटाट्या, किती तुझे डोळे,
एकही कामाचा नाही, सगळेच भोळे!"

हे झाल्यावर लॅबच्या साहेबांवर एक कडवं झालं. आणि मग, अडखळून पडता पडता वाचलेली होती म्हणून, चपलेवर:

"आबांची चप्पल, एक इकडे, एक तिकडे,
शोधता शोधता माझे डोळे झाले वाकडे!"

'वाकडे'वर तिने चांगली लांबलचक तान घेतली आणि वळली, तर दारात आबा उभे.

सूनबाईच्या हातातला बटाटा सुटला आणि घरंगळत त्यांच्या पायापाशी गेला. तो आवाजही त्यांना ऐकू आला असणार.

"हे," आबा म्हणाले, "हे गाणं होतं?"

 आबांनी वाकून बटाटा उचलला, ओट्यावर ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. मग ते वळले, दोन्ही चपला शोधून काढून दाराशी नीट जोडीने लावल्या, आणि गॅलरीत जाऊन बसले.

सूनबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासऱ्यांवर गाणं, तेही तोंडावर! जेवताना आबा नेहमीसारखे होते, उलट थोडे जास्तच गप्प. माफी मागावी तर नवऱ्यासमोर आणि लेकीसमोर सगळा किस्सा सांगावा लागणार. तिने विषय तसाच गिळला.

बुधवारी ती स्वयंपाकघरात तोंड शिवून उभी राहिली. गुरुवारी तेच. आश्चर्य म्हणजे गाणं नसेल तर स्वयंपाकाला जास्त वेळ लागतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. कांदा जास्त झोंबला, ऑम्लेट कडेने करपलं. बाहेरच्या खोलीत भिंगरीची परीक्षा चालू होती. लाकडाच्या दोन वाट्या टेबलावर आपटत ती घोडा दौडवत होती, आणि आबा डोळे मिटून सांगत होते, "टाइपरायटर." मग, "कोणीतरी खिळा ठोकतंय." मग, "माझी दाढ?"

"आबा, तुम्ही मुद्दाम करताय!"

"नाही गं. घोडा मी पाहिलाय भरपूर. ऐकून मात्र फार वर्षं झाली."

शुक्रवारी सूनबाई घरी आली तर आबा गॅलरीत नव्हते. ते स्वयंपाकघरात होते. ओट्याजवळ स्टूल टाकून बसले होते, आणि पुढ्यात सोललेल्या लसणाची वाटी होती. तिने हात धुतले, पातेलं ठेवलं. आबा बसलेलेच. तिने बटाटे घेतले. आबा तिच्याकडे बघत होते.

"कर ना सुरू," ते म्हणाले.

"करतेच आहे की."

"बटाट्यांचं नाही म्हणत. गाण्याचं."

सूनबाईने सुरी खाली ठेवली. "आबा, चुकलं माझं. चपलेचं ते... मी काही मनात धरून नव्हते म्हणत. यमक जुळलं म्हणून म्हणून गेले. तुम्हाला वाईट वाटलं, मला कळलं."

"मला?" आबा चकितच झाले. "मला कशाला वाईट वाटेल?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

आबा थोडा वेळ लसणाची सालं बोटाने एकत्र करत राहिले. मग म्हणाले, "तुला सांगू का, हसू नकोस. तू लग्न होऊन आलीस तेव्हाच माझा कान बराचसा गेलेला होता. संध्याकाळी मी इथून जाता-येता तुला बघायचो. भिंतीकडे तोंड, ओठ सारखे हलतायत, आणि सुरी अशी खाड् खाड् चाललेली. मधूनच मान झटकायचीस. मला वाटायचं, तू माझ्या नावाने खडे फोडतेस."

"काय?"

"मग दुसरं काय वाटणार? बहिरा म्हातारा घरात, टीव्ही एवढा मोठा, चपला कुठेही. मी म्हटलं, बरोबरच आहे तिचं. तोंडावर कधी एक वाकडा शब्द बोलली नाही, तर एकटीने तरी बोलून घेऊ दे, मन मोकळं होईल. म्हणून मी त्या वेळेला गॅलरीत जायचो."

सूनबाई ओट्याला टेकली. "म्हणजे तुम्हाला गॅलरीतली हवा आवडते म्हणून नाही?"

"कसली हवा? समोर पार्किंग आहे."

"आणि थंडीत? थंडीतसुद्धा बसायचात!"

"मफलर होता की."

 इतक्या हिवाळ्यांत तिने याच माणसाला गॅलरीत चहा नेऊन दिला होता. 'आबांना बाहेर बसायला फार आवडतं' असं सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं, आणि एका वाढदिवसाला गॅलरीत ठेवायला खुर्चीसुद्धा आणून दिली होती. ती खुर्ची मिळाली तेव्हा आबांना काय वाटलं असेल, हे मनात आलं आणि तिला आधी रडू आलं. मग एकदम हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. तिचं हसू बघून आबाही हसायला लागले. दोघांची हसून हसून पुरेवाट झाली. पातेल्यातलं पाणी उकळून उतू गेलं आणि गॅस विझला, तेव्हा कुठे दोघं भानावर आले.

"खुर्ची आणलीस ना," आबा डोळे पुसत म्हणाले, "तेव्हा मी म्हटलं, झालं. आता कायमचीच बाहेर सोय केली आपली."

"आबा!"

"आणि हे लसूण सोलणं, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालणं, तुला काय वाटलं, मला हौस आहे? म्हटलं, तेवढंच तुझं बोलणं कमी होईल."

"मी तर सगळ्यांना सांगते, आमचे आबा स्वभावानेच मदत करणारे आहेत." ती थबकली. "म्हणजे आता लसूण बंद?"

"ते तुझ्या गाण्यावर आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं. "चल. ते साहेबांवरचं काय होतं? ते मला नीट कळलं नव्हतं."

समोर कोणी ऐकतंय म्हटल्यावर पहिल्या ओळीला तिचा आवाज चिरका निघाला. दुसरी बरी गेली. तिसऱ्या कडव्याला तिला यमक सापडेना, तेव्हा आबांनी 'बत्तीशी'ला 'खिटपिटशी' सुचवलं. असा शब्द आहे का यावर दोघांचा वाद झाला, आणि भिंगरी तालमीहून आली तेव्हा तिला दारातच दोघांचे आवाज ऐकू आले. ती धावत आत आली, कारण घरात भांडण लागलंय अशीच तिची समजूत झाली होती.

शनिवारी नाटक होतं. नवऱ्याने दोन कामं पुढे ढकलली, तिसरं वाटेत उरकलं आणि कोपरापर्यंत ग्रीस लागलेल्या हातांनी तो थेट शाळेच्या सभागृहात येऊन बसला. सभागृहात नुसता गलका होता. खुर्च्या सरकत होत्या, लहान पोरं रडत होती, ध्वनिक्षेपक शिट्ट्या मारत होता. आबांचा चेहरा आंबट झाला. गर्दीत त्रास होईल असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतंच.

"आबा, काढून ठेवता का?" सूनबाईने त्यांच्या कानाशी हळू विचारलं. हळू विचारण्याची तिला आता मजा वाटायला लागली होती.

आबांनी नकारार्थी मान हलवली. "आमच्या पोरीचं काम ऐकायचंय."

पडदा अर्ध्यात अडकला. राजा वाक्य विसरला आणि प्रधानाने त्याला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पाऊस पडला, छान पडला, पण आबांच्या मागे कोणीतरी खोकलं आणि त्यांचा निम्मा पाऊस वाया गेला. मग राणी एकटीच रंगमंचावर राहिली. दूत येण्याची ती वाट बघत होती. सभागृह शांत झालं. आणि त्या शांततेत, पडद्यामागून, आधी अगदी लांबून आणि मग जवळ जवळ येत, टापा वाजल्या.

"घोडा!" आबा म्हणाले.

आपण किती मोठ्याने बोललो याचा अंदाज यायला त्यांना अजून वेळ होता. सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं. राणीसुद्धा वळली. नवऱ्याने ग्रीसच्या हाताने तोंड झाकून घेतलं आणि त्याला मिशा उगवल्या. पडद्यामागच्या टापा मात्र क्षणभर थांबल्या, आणि मग एवढ्या जोशात सुरू झाल्या, की दूत येऊन, निरोप सांगून, राणीने रडायला सुरुवात केली तरी घोडा दौडतच होता. शेवटी बाईंना आत जाऊन त्याला थांबवावं लागलं.

परत येताना भिंगरी सगळ्यांच्या पुढे उड्या मारत चालली होती. "आबांनी ओळखला! टाइपरायटर नाही म्हणाले!" ती भेटेल त्याला सांगत होती. तिला कोणी पाहिलं नाही याची तिला आठवणही राहिली नव्हती.

रविवारी पहिल्यांदाच सगळे एका वेळी घरात होते. नवरा उशिरापर्यंत झोपला. वृद्धाश्रमाच्या कवळ्या शुक्रवारीच गेल्या होत्या, त्यामुळे सूनबाईलाही डोक्याला ताप नव्हता. चहा दोनदा झाला. मग आबा पिशवी घेऊन भिंगरीबरोबर खाली उतरले आणि बऱ्याच वेळाने भलंमोठं कलिंगड घेऊन वर आले.

"आबांनी वाजवून घेतलं," भिंगरीने जाहीर केलं. "सगळी कलिंगडं वाजवली त्यांनी. फळवाला वैतागला."

"मी आजवर वजनावर घेत होतो," आबा म्हणाले. "ऐकून घ्यायचं असतं. हे बघ." त्यांनी टिचकी मारली. "ऐकलंस? भरीव. पिकलेलं आहे."

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, सगळे भोवती बसले आणि नवऱ्याने सुरी घातली. दोन फाका झाल्या. आतून कलिंगड फिकट गुलाबी, कडेला तर चक्क पांढरं.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी एक फोड उचलली, चावली आणि विचारपूर्वक चघळली.

"आवाज चांगला होता," ते म्हणाले.

मीठ आलं. मीठ लावून ते कलिंगड सगळ्यांनी खाल्लं, आणि मन लावून खाल्लं. भिंगरी बिया मोजायच्या बेतात होती, पण नवऱ्याने एक बी फुंकून तिच्या नाकावर चिकटवली आणि मग मोजणं बारगळलं. शेवटची फोड उरली असताना आबा उठले.

"चल गं. दुसरं आणू. मघाशी एक बाजूला होतं, त्याचा आवाज याच्याहून खोल होता. मी उगाच सोडलं."

"फळवाला ओरडेल, आबा."

"ओरडू दे. ऐकू येईल."

दोघं जिना उतरत गेले. पिशवीचा बंद कोणी धरायचा यावरून त्यांची बोलाचाली दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिली. सूनबाई आणि नवरा सालींच्या ढिगाशेजारी तसेच बसून राहिले. हात चिकट झाले होते, वर्तमानपत्र भिजलं होतं, आणि बियांवर एक मुंगी येऊन पोचली होती. नवऱ्याने भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले. तिनेही केले.

"आवरायला हवं," ती म्हणाली.

"हवं," तो म्हणाला.

दोघांपैकी कोणीही उठलं नाही.